चंद्रव्वाची जागा

१

“आमच्या सूनबाईला तिकडचं समदं ऐकू येतं. बोलत न्हाय, एवढंच.”

हे काही हेमावतीनं ऐकावं म्हणून बोललेलं नव्हतं. ती परसात न्हाणीच्या आडोशाला लुगडं पिळत होती, आणि तिची सासू अक्कम्मा पुढच्या ओट्यावर कस्तुराबाई आणि बजाबाई यांच्या मधोमध बसून शेंगा फोडत होती. पण घर बोळासारखंच चिंचोळं. ओट्यावर टाकलेला शब्द माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट परसात येऊन पडायचा.

‘तिकडचं’ म्हणजे कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. बाळीवेशीमागच्या त्या बोळात त्या दिवसांत ‘तिकडं’ एकच होतं. भिंतीला भिंत लागून असलेलं कल्लप्पा आणि चंद्रव्वाचं घर. त्यांची एकुलती एक पोर, इरू, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आईचं बोट सोडून जी गेली ती गेलीच. जत्रा उठली, पाळणे उतरले, तंबू गुंडाळले गेले. इरू आली नाही. आधी सगळ्या बोळानं तिला शोधलं. तळं, स्टेशन, किल्ल्याचा खंदक, काही सोडलं नाही. मग शोधून दमल्यावर लोक बसले, आणि बसल्यावर बोलायला लागले.

हेमावतीची खोली त्याच सामाईक भिंतीला टेकलेली. तिला ऐकू काय येत होतं? कल्लप्पाचा खोकला. घागर टेकवल्याचा आवाज. बस. लग्नाची हळद नीट उतरली नाही तोवर आपण साक्षीदार झालो आणि आपल्यालाच कुणी कळवलं नाही, असं तिच्या मनात आलं. तिला जरासं हसूही आलं. ते तिनं लुगड्याबरोबर पिळून टाकलं.

२

अक्कम्माच्या घरी कडक भाकऱ्यांचं काम चाले. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं उभं केलं होतं. खानावळवाले, अक्कलकोटला निघालेली माणसं, लांबच्या गावी माल घेऊन जाणारे व्यापारी, सगळ्यांना ज्वारीची ती पापडासारखी पातळ, दिवसेंदिवस टिकणारी भाकरी लागे. दुपारची जेवणं उरकली की बोळातल्या बायका आपापली परात घेऊन येत आणि स्वयंपाकघरात ओळीनं बसत. थापायची, तव्यावर टाकायची, भाजली की चुलीच्या तोंडाशी उभी करून वाळू द्यायची. सगळ्या एकदम थापायला लागल्या की बाहेरून वाटे, घरात कुणी ताशा शिकतंय.

चुलीच्या डाव्या अंगाची, भिंतीलगतची जागा चंद्रव्वाची. तिच्याइतकं पातळ बोळात कुणाला थापता येत नसे. इरू तिच्या मांडीला चिकटून बसलेली असायची, आणि शेवटी उरलेल्या पिठाच्या गोळ्याची आपली चानकी करायची. पोरांसाठी करतात ती तळहाताएवढी भाकरी. पोर डावरी. त्यामुळं तिची चानकी परातीत उलटी फिरे, आणि बजाबाई दरवेळी म्हणे, “हिची भाकरी बघा, सासरला निघाली अन् म्हायेराला चालली!” इरूला त्यातलं काही कळत नसे, पण ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

आता ती जागा मोकळी होती. तिथं बसू नका असं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तरी बायका गुडघ्याला गुडघा लावून दाटीनं बसत, आणि तेवढी फरशी सोडत. तिच्या शेजारी, धुराच्या तोंडावर, नवी सून म्हणून हेमावतीला बसवलेलं.

नव्या सुनेनं चारचौघींत बोलायचं नाही, ही एक रीत. आणि हेमावती माहेरीही कमीच बोलायची. तिच्या मास्तर वडिलांनी सोयरीक जमवताना तोच गुण म्हणून सांगितला होता. कुणी काही विचारलं की ती मान जराशी तिरकी करून ओठ किंचित हलवायची. त्याचा अर्थ हो असायचा, नाहीही असायचा. ज्याला जो लागेल तो त्यानं घ्यायचा. आजवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

३

“मी म्हणते, पोटची पोरगी हरवली अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्याला भाकऱ्या थापायला येती?” बजाबाई म्हणाली. “माजं पोरगं नुसतं तापलं तरी माज्या हाताला पीठ लागत न्हाय.”

“रडली का ती? मला सांगा, रडली का?” कस्तुराबाईनं आपली भाकरी तव्यावर फेकली. “चुलीपुढं बसून बी डोळं कोरडं. धुरानं आपल्या समद्यांच्या डोळ्यांतनं पानी, अन् हिच्या न्हाय.”

“कल्लप्पा तर लगीच गिरणीत गेला.”

“न जाऊन खातील काय?” ओळीतून कुणीतरी दबकत म्हणालं.

“आता दोघंच हायत की. दोघांना कितीसं लागतंय?”

यावर दोघी-तिघी हसल्या आणि हसल्याबद्दल लगेच पदर तोंडाला लावला.

हेमावतीची मान खाली होती. तिला ती सकाळ आठवत होती. खानावळीची ऑर्डर तटलीय म्हणून अक्कम्मानंच तिला पाठवलं होतं, “जा, चंद्रव्वाला बोलाव.” सासरी आल्यावर घराबाहेरचं पहिलं काम. सासूला ती अत्ती म्हणे; त्यांच्या दारात उभी राहून “अत्तींनी बोलावलंय” एवढंच ती म्हणाली होती. चंद्रव्वा तिच्याकडं बघत राहिली, मग उठली, हात धुतले आणि आली. हे अक्कम्माला ठाऊक होतं. हेमावतीनं चोरून सासूकडं पाहिलं. अक्कम्मा थापत होती. तिचा चेहरा परातीसारखाच सपाट होता.

“अन् मागल्या खोलीत खणलंय म्हणं,” कस्तुराबाईनं आवाज खाली आणला. “आपल्यात काय, माणूस गेलं की पुरायचंच असतं. जाळणाऱ्यांचा निदान धूर तरी दिसतो.”

सगळ्यांचे हात थांबले.

एक थाप चालू राहिली.

हलकी होती, घाईची होती. ओल्या पिठावर लहान तळवा पडावा तशी. थप थप थप, मग जराशी उसंत, मग पुन्हा. मोठी माणसं एकाएकी गप्प झाली की पोरांना उशिरा कळतं, तसं तिला कळलं, आणि ती थांबली.

हेमावतीनं डावीकडं पाहिलं. फरशी होती. फरशीवर पिठाची भुकटी होती, ती सगळीकडंच असते.

मग कुणाचेही हात हलायच्या आधी अक्कम्माचे हलले. परात घणघणावी इतक्या जोरानं तिनं थापायला घेतलं.

“हात चालवा गं. तवा जळतोय.”

४

हेमावती अडाणी नव्हती. मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत गेली होती, आणि विज्ञानात तिला बरे मार्क पडत. भिंतीवर आवाज आपटून परत येतो. धाब्याच्या घरात तो कुठून कुठं निघेल याचा नेम नसतो. पलीकडच्या गल्लीत विणकरांचे माग आहेत. पण मागाचा आवाज खट्‌ असतो, हा थप्‌ होता. मग शेजारी चंद्रव्वाच थापत असेल. तिला पोट नाही का? हे तिला पटलं, आणि पटल्यावर दोन घास जास्त गेले.

तरी खात्री करून घ्यावी असं वाटलं. त्यासाठी सगळ्यांचे हात एकदम थांबायला हवे होते. ते कशानं थांबतात हे तिला लवकरच कळलं. कल्लप्पा-चंद्रव्वाबद्दल काही नवं निघालं की थांबतात. इरू कल्लप्पाची नव्हतीच, थांबले. चंद्रव्वानं तिचा परकर धुऊन घडी करून ठेवलाय, थांबले. पोरगी जत्रेत गेलीच नव्हती, ती निघायच्या आधीच घरात... थांबले. आणि दरवेळी ती थाप एकटी मागं राहायची, घोळक्यातून मागं राहिलेल्या पोरासारखी. हेमावतीच्या लक्षात आलं की आपण आता नव्या लांच्छनाची वाट बघत बसतो. बाकीच्यांसारख्याच. फक्त आपलं कारण वेगळं आहे, एवढंच समाधान.

चुलीच्या तोंडाशी वाळत घातलेल्या भाकऱ्या टोपलीत रचायचं काम तिचं. बायका परसात हात धूत होत्या. मोठ्या भाकऱ्यांच्या मागं, भिंतीला टेकवून, एक चानकी उभी होती.

तळहाताएवढी. गरम. एका अंगाला जाड, कडेला चिरलेली, आणि वर बोटांचे ठसे, भुईमुगाच्या दाण्याएवढे. भाकरी थापताना फिरत जाते आणि बोटं तिच्यावर फिरल्याची वाट ठेवतात. हेमावतीनं टोपलीतली मोठी भाकरी शेजारी धरून पाहिली. चानकीवरची वाट उलटी होती.

परसातून बजाबाईचा आवाज जवळ येत होता. हिच्या हातात ही पडली तर काय होईल, हे हेमावतीला स्पष्ट दिसलं. चंद्रव्वा चोरून येते. चंद्रव्वा करणी करते. तिनं चानकी पदराखाली घातली, कोठीच्या खोलीत गेली, आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली. अळणी होती, मध्ये कच्ची. पुरावा खाणारी पहिली सून आपणच असू, असं तिच्या मनात आलं. पण यावेळी हसू आलं नाही. घशात पीठ चिकटून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिथं आणखी एक होती. त्यानंतरही. ती रोज खात गेली. आणि खाता खाता एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जी लक्षात आली नसती तर बरं झालं असतं. पहिली जाड होती. आताच्या पातळ होत चालल्या होत्या. कडा चिरत नव्हत्या. कुणीतरी शिकत होतं.

५

हेमावतीचा नवरा सिद्धप्पा कापडाच्या दुकानात होता. माणूस वाईट नव्हता. बायकोला गजरा आणायचा आणि आईला दिसू नये म्हणून धोतराच्या सोग्यात लपवायचा. संध्याकाळी त्याला वाढताना तिनं धीर केला.

“तुम्हाला काही ऐकू येतं का हो? दुपारचं नाही, एरवी. भिंतीतून?”

त्याचा घास तसाच राहिला. “म्हणजे येतंय तुला! आई म्हणत होती ते खरंय तर.”

“अहो, मी विचारतेय...”

“दुकानात समदे विचारतात, ‘सिद्धप्पा, तुमच्या मिसेस काय म्हणतात?’ मी आपला गप्प. आता सांगतो.”

“काय सांगता?”

“तू म्हणालीस ते.”

ती काय म्हणाली होती, हे तिनं त्याला विचारलं नाही. ताटातली चटणी सरळ केली आणि म्हणाली, “मी थोडे दिवस माहेरी जाऊन येऊ?”

“आत्ता?” त्यानं दाराकडं बघून आवाज उतरवला. “हेमे, खुळी हायस का? आत्ता गेलीस तर लोक म्हणतील, हिच्याच घरात काहीतरी हाय म्हणून पळाली. भिंत एकच हाय की. आज लोक तिच्या त्या अंगाला बघायला लागलेत. ह्या अंगाला बघायला त्यांना किती वेळ लागतोय?”

तो पुन्हा जेवू लागला. आत अक्कम्माच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. हे घर चिंचोळं होतं, हे हेमावती क्षणभर विसरली होती.

६

त्यानंतर बोळातल्या नळावर चंद्रव्वाची घागर कुणी लावू देईना. कल्लप्पाच्या दारावर दगड पडले. दिवसाढवळ्या पडले, आणि कुणी टाकले ते कुणालाच दिसलं नाही. एवढं सगळं दिसणाऱ्या बोळाला तेवढंच दिसलं नाही.

हेमावतीच्या खोलीत भिंतीला एक कोनाडा होता. त्याच्या पाठीला पाठ लावून पलीकडच्या घराचा कोनाडा. मधली भिंत तिथं वीतभरही नसेल. जेवणं झाली होती, बायका अजून आल्या नव्हत्या. तिनं कोनाड्यातली कुंकवाची डबी, फणी बाजूला काढली, आत डोकं घातलं आणि कान टेकवला.

आधी आपलंच रक्त वाजल्यासारखं वाटलं. मग कळलं, श्वास आहे. दुसऱ्याचा. अगदी कानाशी. पलीकडंही कुणीतरी असाच कान लावून उभं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

“कोण?” हेमावती पुटपुटली.

“मी चंद्रव्वा.” आवाज मातीतून गाळून आल्यासारखा. “तू नवी सून न्हवं? तुमच्याकडं हाय का ती?”

“कोण?”

“खेळ नको गं करूस, पोरी. रोज दुपारी ऐकते मी. समद्या जणी थापतात, अन् त्यांच्यात ती थापती. तुमच्याकडं.”

 म्हणजे तो आवाज तिकडून नव्हता येत. भिंतीचं, मागांचं, घुमण्याचं, सगळं तिनं इतके दिवस मांडलेलं गणित त्या एका वाक्यानं पुसलं गेलं. विज्ञानातले बरे मार्क उगाच आठवले.

“इतके आवाज असतात,” ती म्हणाली. “तुम्ही कसं ओळखता?”

“तू घरात तुझ्या दाल्ल्याचं पाऊल कसं वळखतीस?”



“त्या दिवशी,” हेमावतीनं विचारलं, “मी बोलवायला आले, तर तुम्ही का आलात?”

 मग चंद्रव्वा म्हणाली, “ती हरवली की घरी कशी यील? तिला आमचं दार कुठं ठाव होतं. दिसभर ती तुमच्या चुलीपाशी. जत्रंतनं वाट काढत आली तर पयलं तितंच यील, असं वाटलं मला. म्हणून येऊन बसले. रडले न्हाय, कारण ती आली अन् मी रडताना दिसले तर भिईल.” आवाज थांबला, आणि पुन्हा आला. “दुसऱ्या दिवसापास्नं तुमी मला आत घेतलं न्हाय. अन् ती आली बघ.”

स्वयंपाकघरात पहिली परात फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. हेमावतीनं कान काढून घेतला. तिच्या गालाला ओली माती लागली होती. भिंतीची ही बाजू एरवी कोरडी असे, लिंपण जुनं होतं, ओल यायला काही कारण नव्हतं. पलीकडं कुणी किती दिवस गाल टेकवून उभं राहिलं तर वीतभर भिंत झिरपते, याचा हिशेब तिनं केला नाही.

७

“लई सोसलंस गं बाई,” दुसऱ्या दिवशी बजाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. “आधी पोरीचं रडणं, मग उचकी, मग नुसतं कण्हणं, अन् मग कुदळ. अन् तुज्या तोंडातनं एक शब्द न्हाय. म्हायेरचं वळण म्हणायचं!”

हेमावतीची मान सवयीनं तिरकी झाली. ती झाल्यावर तिला कळलं, पण तोवर बजाबाई डोळे पुसत पुढं गेली होती. आपली साक्ष आपण अशी पहिल्यांदा ऐकली. क्रम चांगला लावला होता. कुदळ शेवटी आणली होती.

सगळ्या बायका परतल्यावर अक्कम्मानं तिला चुलीपाशी बसवून घेतलं.

“उद्या दुपारी फौजदार येणार हाय. बोळातल्या लोकांनी अर्ज दिलाय. तो म्हणतो, भिंतीशेजारच्यांनी सांगितलं तर जमीन उकरतो अन् दोघांना चौकीवर न्हेतो. तू एवढंच म्हण, खणल्याचा आवाज आला. दुसरं कायबी नको.”

“अत्ती, आवाज आला नाही.”

लग्नानंतर सासूपुढं ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली होती. अक्कम्मा रागावेल असं तिला वाटलं. अक्कम्मा रागावली नाही. तिनं चिमट्यानं राख सारखी केली, विस्कटली, पुन्हा सारखी केली.

“न्हाय म्हणालीस तर ह्या घराकडं बोट येईल. सिद्धप्पाची दुकानातली चाकरी जाईल. माज्या हातची भाकरी कोण खाईल? अन् तुला कोण ठिवून घेईल? तुजा बाप?”

हेमावतीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“ती दोघं हितनं जाऊ देत, पोरी,” अक्कम्मा एकदम हलक्या आवाजात म्हणाली.  “ती गेली की थांबंल.”

“काय थांबेल?”

अक्कम्माची नजर चुलीच्या डाव्या अंगाला गेली. एकदाच गेली, आणि चटका बसल्यासारखी परत आली.

“जा,” ती म्हणाली. “पीठ चाळून ठेव उद्याचं.”

८

फौजदारासाठी शेजारून लाकडी खुर्ची आणली होती. ती त्यानं स्वयंपाकघराच्या दारातच मांडली, म्हणजे आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसावं. बाहेर बोळ माणसांनी भरला होता. ओट्याखाली एका शिपायानं कल्लप्पा आणि चंद्रव्वाला उभं केलं होतं. कल्लप्पाच्या कपाळावर दगडाची खोक होती आणि त्याला उगाचच हात जोडायची सवय लागली होती. चंद्रव्वा कुणाकडंही बघत नव्हती. तिची मान घराच्या आतल्या बाजूला वळलेली होती, कान पुढं करून.

अक्कम्मानं त्या दिवशीही बायकांना थापायला बसवलं. “ऑर्डर हाय,” एवढंच म्हणाली. पण रोजच्यापेक्षा जास्त बायका बोलावल्या होत्या, आणि सगळ्यांना सांगितलं होतं, हात थांबवायचे न्हाईत. तो आवाज घरात असा कोंदला होता की फौजदाराला मोठ्यानं बोलावं लागलं.

“बोला ताई. घाबरू नका. इथं सगळी तुमचीच माणसं आहेत.”

हे त्यानं धीर देण्यासाठी म्हटलं होतं.

“भिंत तुमच्या खोलीला लागून आहे. तुम्ही काय ऐकलंत?”

सिद्धप्पा दाराआडून तिच्याकडं बघत होता. कस्तुराबाईनं थापता थापता मान पुढं काढली. हेमावती आपल्या जागेवरच बसली होती, हातात पिठाचा अर्धा मळलेला गोळा. ‘खणल्याचा आवाज.’ तीन शब्दही नाहीत धड. ते बोलले की ही सगळी माणसं आपल्यावरून उठतील, खोली आपली होईल, दुपारी आपल्या होतील. ओट्याखालची दोघं बोळातून जातील, आणि कोनाड्यात फणी, डबी पुन्हा जागेवर ठेवता येईल.

आणि मग इथं ती कुणासाठी थापत बसेल?

उत्तर ऐकायला एकेक हात थांबत गेला. अक्कम्मानं सांगितलेलं असूनही थांबला. बजाबाई थांबली, कस्तुराबाई थांबली, पलीकडच्या सगळ्या थांबल्या. अक्कम्मा एकटीच थापत होती, डोळे मिटून, इतक्या जोरात की तिच्या परातीतलं पीठ उडून चुलीत पडत होतं. आणि तिच्या थापेच्या खाली, तिच्याशी बरोबरी करू बघणारी, मोठ्या बाईसारखी, सरळ, पातळ, सफाईची दुसरी थाप होती.

हेमावतीनं डावीकडं पाहिलं. चुलीचा धूर त्या अंगाला लवला होता. धुरात एक कोपर होतं. पिठानं माखलेलं, बारीक, वर होत होतं आणि खाली येत होतं. डावं कोपर. बस, तेवढंच. मग धूर हलला आणि फरशी दिसली. थाप मात्र थांबली नव्हती. आता ती थांबणार नव्हती, कारण तिला थापायला येऊ लागलं होतं.

बाहेर चंद्रव्वानं पाऊल उचललं. शिपायानं तिचा दंड धरला.

“ताई,” फौजदार म्हणाला, “मला उत्तर हवंय. नुसती मान हलवून चालणार नाही.”

हेमावतीनं हातातला गोळा खाली ठेवला. ती उभी राहिली. लग्न झाल्यापासून इतक्या माणसांपुढं ती पहिल्यांदा पदर न सावरता उभी राहिली. आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. माजघर ओलांडून तो थेट ओट्यापर्यंत गेला.

“साहेब, तिकडं काही खणू नका, तिकडं काही नाही. अत्ती, हात थांबवा, तुम्हालाही ऐकू येतंय ते. आणि चंद्रव्वांना आत येऊ द्या. पोर कधीची एकटीच थापत बसलीय.”